डिबेटनंतर पोल हलतात तेव्हा नेमकं काय हललेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १० सप्टेंबर २०२४ ला फिलाडेल्फियात कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांची डिबेट झाली. ती बघणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक सीएनएनच्या पाहणीत म्हणाले, हॅरिस सरस ठरल्या. ट्रम्प सरस म्हणणारे ३७. निकाल इतका एकतर्फी, तरी पोलमध्ये फरक पडला तो टक्का-दोन टक्के, आणि नोव्हेंबरात निवडून आले ट्रम्पच. मग डिबेटचा पोलवर परिणाम होतो की नाही? होत नसेल तर दर चार वर्षांनी 'डिबेटनंतर अमुक पुढे सरकले' अशा बातम्या येतात कुठून?

परिणाम होतो. पण डिबेटनंतर पोलचा आकडा सरकतो तेव्हा त्यातला बराचसा भाग मतदारांनी मत बदलल्याचा नसतो. सर्व्हेवाल्याचा फोन आला तर बोलायला कोण तयार आहे, ते बदललेलं असतं. हे नीट समजलं की तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी वीस-बावीस वर्षं अमेरिकेत सर्व्हेच्या कामात आहे. सुरुवात न्यू जर्सीतल्या एका फोन सेंटरमध्ये झाली. हेडसेट लावून लोकांना संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी फोन करायचे, नकार ऐकायचे, प्रत्येक नकाराला त्याचा कोड द्यायचा. पुढे सॅम्पल (ज्यांना प्रश्न विचारले ती निवडक माणसं) आणि वेटिंगकडे आलो. वेटिंग म्हणजे सॅम्पलमध्ये ज्या गटाचे लोक कमी पडले त्यांच्या उत्तरांना जास्त वजन द्यायचं आणि जे जास्त आले त्यांचं वजन उतरवायचं. हे काम करणाऱ्याला एक सवय लागते. कोण काय म्हणालं याच्या आधी तो बघतो, की बोललं कोण आणि बोललं नाही कोण.

ऑक्टोबर २०१२ मधला तो आठवडा मला अजून लख्ख आठवतो. ३ तारखेला, बुधवारी रात्री, डेन्व्हरमध्ये डेमोक्रॅट बराक ओबामा आणि रिपब्लिकन मिट रॉम्नी यांची पहिली डिबेट झाली. ओबामा थकल्यासारखे, मान खाली घालून टिपणं काढत उभे होते. रॉम्नी तयारीने आले होते. सीएनएनच्या पाहणीत ६७ विरुद्ध २५ टक्क्यांनी रॉम्नी सरस ठरले, गॅलप या सर्व्हे संस्थेच्या पाहणीत ७२ विरुद्ध २०. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे फ्लोरिडाचं एक काम चालू होतं. फ्लोरिडात मतदार नोंदणी करताना पक्षही नोंदवता येतो, त्यामुळे आमच्या यादीत बहुतेक नावांपुढे पक्ष लिहिलेला होता. एरवी नकार दोन्हीकडून साधारण सारखे येतात. त्या संध्याकाळी मी कॉल ऐकत बसलो होतो, आणि डेमोक्रॅट म्हणून नोंद असलेल्या घरांतून एकामागून एक तीच उत्तरं: आज नको, नंतर करा, मला या विषयावर बोलायचंच नाही. एका बाईंनी पहिला प्रश्न ऐकून घेतला, मोठा सुस्कारा टाकला आणि 'काल रात्री बघितलं ना तुम्ही?' एवढंच म्हणून फोन ठेवला. रिपब्लिकन घरांतली माणसं मात्र उत्साहात होती. वीस मिनिटांचा प्रश्नसंच, तरी मध्ये कुणी कंटाळत नव्हतं. काहीजण तर आमचे प्रश्न संपल्यावरही बोलत राहिले.

त्या बाईंनी मत बदललेलं नव्हतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्या फक्त त्या दिवशी आमच्या आकड्यात आल्या नाहीत.

हे साध्या हिशेबात मांडून बघू. समजा दहा हजार लोकांना फोन केले, निम्मे एका पक्षाचे, निम्मे दुसऱ्याचे. त्या काळी फोन सर्व्हेला प्रतिसाद मिळायचा शंभरातून नऊ जणांचा. प्यू या संस्थेने आपल्या पोलसाठी २०१२ मध्ये हाच आकडा जाहीर केला होता. (१९९७ मध्ये तो ३६ होता, २०१८ पर्यंत ६ वर आला.) म्हणजे इकडून ४५० आणि तिकडून ४५०, बरोबरीची लढत. आता डिबेटमध्ये एकाची फजिती झाली. त्याच्या बाजूचे नऊऐवजी आठ टक्के लोक बोलले आणि समोरच्या बाजूचे नऊऐवजी दहा. झाले ४०० आणि ५००. शेकड्यात काढा: ४४.४ विरुद्ध ५५.६. एकाही माणसाने मत बदललेलं नाही, आणि तरी पोलमध्ये अकरा टक्क्यांची आघाडी उभी राहिली. ज्यांचं बोलणं थांबलं ते शंभरातले फक्त एक जण होते.

हे उदाहरण मी मुद्दाम ढोबळ घेतलं आहे. प्रत्यक्षात वय, शिक्षण, वंश, प्रदेश यांचं वेटिंग केल्यावर यातला काही भाग धुऊन निघतो. पण सगळा निघत नाही. एकाच वयाच्या, सारख्या शिकलेल्या, एकाच गावातल्या दोन माणसांपैकी खूश असलेला बोलतो आणि खट्टू झालेला बोलत नाही. वय आणि शिक्षण जुळवून हा फरक भरून निघणार कसा?

डेन्व्हरच्या त्या डिबेटआधी, सप्टेंबरच्या मध्यात, प्यूच्या पोलमध्ये मतदानाची शक्यता असलेल्या लोकांत ओबामा ५१ विरुद्ध ४३ ने पुढे होते. डिबेटनंतरच्या चार दिवसांत घेतलेल्या पोलमध्ये रॉम्नी ४९ विरुद्ध ४५ ने पुढे गेले. बारा टक्क्यांची उलथापालथ! टीव्हीवर तर भूकंप झाल्यासारखी चर्चा. पण दोन्ही पोलचे तक्ते शेजारी ठेवले तर आणखी एक गोष्ट दिसत होती. सप्टेंबरच्या सॅम्पलमध्ये स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारे रिपब्लिकनांपेक्षा बरेच जास्त होते. ऑक्टोबरच्या सॅम्पलमध्ये रिपब्लिकन जास्त. तीन आठवड्यांत देशाने पक्ष बदलला नव्हता. सॅम्पलमध्ये येणारी माणसं बदलली होती.

याचा भक्कम पुरावा पुढे आला तो अगदी अनपेक्षित ठिकाणाहून. अँड्र्यू गेलमन, डेव्हिड रॉथशील्ड, शरद गोयल आणि डग्लस रिव्हर्स या संशोधकांनी त्या निवडणुकीच्या शेवटच्या ४५ दिवसांत एक्सबॉक्स या गेमिंग यंत्रावरून रोज मतं विचारली होती. साडेतीन लाखांच्या आसपास माणसं, साडेसात लाख मुलाखती. सॅम्पल म्हणाल तर भयंकर वाकडं: ९३ टक्के पुरुष, बहुतेक तरुण. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्रत्येकाला २००८ मध्ये कुणाला मत दिलं ते विचारलं होतं, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा उत्तर देत होती. त्यामुळे एकाच माणसाचं डिबेटआधीचं आणि नंतरचं उत्तर समोरासमोर ठेवता आलं. पक्ष आणि जुनं मत धरून आकडे जुळवल्यावर ती प्रचंड उसळी जवळजवळ विरघळून गेली. डेन्व्हरच्या आसपासच्या दिवसांत ओबामांना सोडून रॉम्नींकडे गेलेले लोक शंभरात एकसुद्धा नव्हते. ओबामा शेवटी ५१.१ विरुद्ध ४७.२ टक्क्यांनी जिंकले.

फोन सेंटरमध्ये आम्ही कानांनी जे ऐकत होतो ते त्या अभ्यासाने आकड्यांत दाखवलं, म्हणून माझ्यासाठी तो निव्वळ शोधनिबंध नाही. त्यानंतर मी कुठल्याही पोलकडे पूर्वीसारखं बघू शकलो नाही.

एररचीही, म्हणजे आकडा योगायोगाने किती चुकू शकतो याचीही, गल्लत अनेकांची होते. हजार लोकांच्या पोलला तीन टक्के इकडे-तिकडे हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते एका उमेदवाराच्या आकड्याबद्दल आहे. दोघांमधल्या आघाडीला ते जवळजवळ दुप्पट होतं, सहा टक्के. आणि डिबेटच्या आधीचा एक पोल आणि नंतरचा एक पोल घेऊन आघाडी किती सरकली हे काढायला गेलात, तर साडेआठ टक्के. म्हणजे एका संस्थेच्या दोन पोलमध्ये आघाडी चार टक्क्यांनी सरकली, तर ती निव्वळ योगायोगाने सरकलेली असू शकते. यावर उपाय म्हणून लोक अनेक पोलची सरासरी काढतात, आणि ते योग्यच आहे. योगायोगाने झालेली चूक सरासरीत एकमेकींना खाऊन टाकते. पण नाराज लोक बोलत नाहीत ही चूक सगळ्याच पोलमध्ये एकाच दिशेने होते. वीस पोलची सरासरी काढली तरी ती जागची हलत नाही.

आता त्या ६३ टक्क्यांकडे येऊ. 'डिबेट कुणी जिंकली?' आणि 'मत कुणाला देणार?' हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. वानखेडेवर पाहुण्या संघाच्या फलंदाजाने शतक ठोकलं तर आपण टाळ्या वाजवतो, 'काय खेळला!' म्हणतो. म्हणून आपण त्यांच्या बाजूचे होत नाही. जून २०२४ मध्ये बायडन–ट्रम्प डिबेटनंतर सीएनएनने बघणाऱ्यांना सरळच विचारलं होतं, की याचा तुमच्या मतावर काय परिणाम झाला? ८१ टक्के म्हणाले, काहीच नाही. १४ टक्के म्हणाले, विचारात पडलो पण मत तेच आहे. ५ टक्के म्हणाले, बदललं. आणि ते ५ टक्केही दोन्ही दिशांना वाटले जातात.

शिवाय बघतं कोण? हॅरिस–ट्रम्प डिबेट टीव्हीवर सुमारे ६ कोटी ७० लाख लोकांनी पाहिली. मतदान केलं साडेपंधरा कोटींच्या वर लोकांनी. दीड तास बसून डिबेट बघणारा माणूस बहुधा राजकारणात मुरलेला आणि मत ठरवून बसलेला असतो. ज्याचं अजून ठरलेलं नाही, तो त्या रात्री कामाच्या पाळीवर असतो किंवा बेसबॉलचा सामना बघत असतो. आमच्या घरात मात्र उलटा प्रकार आहे. इथले रात्रीचे नऊ म्हणजे पुण्यात सकाळचे साडेसहा. माझी बहीण तिथे चहाचा कप घेऊन पूर्ण डिबेट बघते आणि संपता संपता मला फोन करते, 'कोण जिंकलं रे?' तिला मत नाही, पण तिच्याइतकी लक्षपूर्वक बघणारी फार माणसं मला ओहायोत सापडलेली नाहीत.

२०२४ मध्ये आणखी एक कारण होतं. आधीच्या दोन निवडणुकांत ट्रम्प यांची मतं कमी दाखवून तोंड पोळल्यामुळे बऱ्याच संस्था 'गेल्या वेळी कुणाला मत दिलंत?' या उत्तरावरून वेटिंग करू लागल्या होत्या. २०२० मध्ये ज्या प्रमाणात मतं पडली त्या प्रमाणात सॅम्पल आणायचं. असं केलं की रुसून न बोलणाऱ्यांमुळे येणारी खोटी उसळी दबते. त्याची किंमतही आहे: लोकांना जुनं मत नीट आठवत नाही, काहीजण जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगतात, आणि खरा बदल झालेला असेल तर तोही थोडा दबतो. तरी मला हा सौदा परवडतो असंच वाटतं. न्यूयॉर्क टाइम्स आणि सिएना कॉलेजचा पोल मात्र जुन्या मतावरून वेटिंग न करणाऱ्यांतला. त्यांचा देशपातळीवरचा आकडाही डिबेटआधी ट्रम्प ४८–हॅरिस ४७ आणि नंतर ४७–४७ असाच राहिला. म्हणजे त्या वेळी आकडे हलले नाहीत ते फक्त वेटिंगमुळे नव्हे. मतंच घट्ट बसलेली होती.

'पण केनेडी?' हा प्रश्न इथे हमखास येतो. २६ सप्टेंबर १९६० ची शिकागोतली डिबेट. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या संसर्गामुळे रुग्णालयात राहून आलेले, वजन घटलेलं, करडा सूट मागच्या पडद्यात मिसळून जाणारा, दाढीची सावली झाकायला पावडर लावलेली. समोर उन्हात रापलेले, ताजेतवाने केनेडी. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट तुम्ही शंभरदा वाचली असेल. तिचा उगम सिंडलिंगर नावाच्या संस्थेच्या एका सर्व्हेत आहे. त्यात रेडिओवर ऐकून मत देणारे लोक दोनशेसुद्धा नव्हते. आणि १९६० मध्ये घरात टीव्ही नसलेला माणूस बहुधा ग्रामीण भागातला, प्रॉटेस्टंट असायचा. कॅथलिक केनेडींबद्दल त्याच्या मनात आधीच अढी. तो रेडिओ ऐकून निक्सनकडे झुकला, की निक्सनचा होता आणि रेडिओ ऐकत होता, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. पुढे जेम्स ड्रकमन यांनी ती डिबेट न पाहिलेल्या विद्यार्थ्यांना दोन गटांत ती ऐकवली आणि दाखवली, तेव्हा चित्र बघणाऱ्यांचा कल केनेडींकडे थोडा जास्त निघाला. म्हणजे चेहऱ्याचा परिणाम खोटा नाही. पण 'टीव्हीने निवडणूक फिरवली' एवढी मोठी इमारत त्या दोनशे माणसांवर उभी राहत नाही. गॅलपमध्ये निक्सन ४७–४६ ने पुढे होते, पहिल्या डिबेटनंतर केनेडी ४९–४६ ने पुढे गेले. मघाचा एररचा हिशेब लावून बघा. अर्थात शेवटचा निकालच ०.१७ टक्क्याने लागला, आणि इतक्या निसटत्या निवडणुकीत कुठल्याही गोष्टीला श्रेय देता येतं.

१९७६ चं उदाहरण मला याहून जास्त शिकवून गेलं. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत जेराल्ड फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. पोलंड, हंगेरी, रोमानिया तेव्हा कुणाच्या मुठीत होते हे शाळकरी पोरालाही माहीत होतं. प्रश्न विचारणारे न्यूयॉर्क टाइम्सचे मॅक्स फ्रँकेल यांचा विश्वासच बसेना, त्यांनी पुन्हा विचारलं. फोर्ड यांनी पुन्हा तेच सांगितलं. आता गंमत बघा: फोर्ड यांच्यासाठी पोल घेणारे रॉबर्ट टीटर त्या रात्री लोकांना फोन करत होते, आणि डिबेट संपल्या संपल्या लोक म्हणत होते, फोर्ड बरे वाटले! पूर्व युरोपचं नावही फारसं कुणी घेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आणि बातम्यांत तेच एक वाक्य घोळत राहिलं. संध्याकाळपर्यंत चित्र पार उलटलं, मोठ्या फरकाने लोक कार्टर जिंकले म्हणू लागले. तीच डिबेट, तेच मतदार, मध्ये फक्त एक दिवस गेला. तेव्हापासून आमच्या धंद्यात रात्रीच्या पाहणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या पाहणीला जास्त मान आहे. आता तर वर्तमानपत्राची वाट बघावी लागत नाही, वीस सेकंदांची क्लिप डिबेट चालू असतानाच फोनवर येते. बहुतेक मतदारांपर्यंत पोहोचते ती ही क्लिपच.

डिबेट जिंकून निवडणूक हरलेल्यांची यादी लांब आहे. २००४ मध्ये जॉन केरी पहिली डिबेट जिंकले, गॅलपमध्ये आठ टक्क्यांची पिछाडी भरून काढून ४९–४९ वर आले, आणि हरले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन सीएनएनच्या तिन्ही पाहण्यांत सरस ठरल्या. एकूण मतांत २.१ टक्क्यांनी पुढे राहिल्या, पण राज्यांच्या गणितात हरल्या. १९८४ मध्ये लुइव्हिलला वॉल्टर मॉन्डेल यांच्यासमोर रेगन इतके गोंधळलेले दिसले की त्यांच्या वयाची उघड चर्चा सुरू झाली. दोन आठवड्यांनी एका विनोदाने त्यांनी ती मिटवली आणि पुढे ४९ राज्यं जिंकली.

मग मत खरंच हलतं कुठे? जिथे मतदाराला उमेदवार नीट माहीत नसतो आणि पक्षाचं लेबल मदतीला नसतं, तिथे. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो जुलैत माघार घेऊन १ ऑक्टोबरला परत रिंगणात आले, तेव्हा पोलमध्ये दहाच्या आतबाहेर होते. नऊ दिवसांत तीन डिबेट झाल्या आणि मतदानात त्यांना १८.९ टक्के मिळाले. पक्षांतर्गत लढतींत तर हे रोजचंच, कारण तिथे सगळेच एका पक्षाचे. २७ जून २०१९ ला मायामीत कमला हॅरिस यांनी बायडन यांना काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बसने दुसऱ्या वस्तीतल्या शाळांत पाठवण्याच्या जुन्या वादावरून घेरलं, 'ती लहान मुलगी मी होते' म्हणाल्या, आणि काही दिवसांत त्यांचे आकडे जवळपास दुप्पट झाले. पण चढलेले आकडे उन्हाळा संपता संपता उतरले, आणि ३ डिसेंबरला त्यांनी माघार घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये लास वेगासला एलिझाबेथ वॉरन यांनी मायकल ब्लूमबर्ग यांची अक्षरशः सालं काढली. जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतून चढवलेले ब्लूमबर्ग यांचे आकडे त्यानंतर घसरले, पण त्याचा फायदा वॉरन यांना झाला नाही. मत एकाकडून सुटलं म्हणून ते सोडवणाऱ्याच्या पदरात पडतंच असं नाही.

ब्रिटनमध्ये १५ एप्रिल २०१० ला निक क्लेग पहिल्याच टीव्ही डिबेटमध्ये चमकले, त्यांचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष पोलमध्ये तीस टक्क्यांवर गेला. तीन आठवड्यांनी मतं पडली २३ टक्के आणि जागा आधीपेक्षा पाच कमी झाल्या. उलट फ्रान्समध्ये ३ मे २०१७ ला मारीन ल पेन यांची डिबेट फसली, आणि साठच्या आसपास असलेले मॅक्राँ ६६.१ टक्क्यांवर गेले. तिथे दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतल्या इतर उमेदवारांचे लाखो मतदार मोकळे सुटलेले असतात, त्यांना कुठेतरी जावंच लागतं. कॅरोलिन ल पेनेक आणि व्हॅन्सां पाँस यांनी वेगवेगळ्या देशांतल्या ५६ डिबेट तपासल्या. एकाच माणसाने निवडणुकीआधी काय सांगितलं आणि नंतर कुणाला मत दिलं म्हणाला, हे जुळवून पाहिलं. एकूणात डिबेटमुळे मतदारांची निवड पक्की झाली किंवा बदलली, असं त्यांना दिसलं नाही.

अमेरिकेतल्या सर्वसाधारण निवडणुकीत डिबेटचं खरं काम असतं आपल्याच नाराज माणसांना घरी आणणं. १९८० मध्ये मतदानाच्या आदल्या मंगळवारी एकमेव रेगन–कार्टर डिबेट झाली. महागाईने पिचलेले बरेच लोक कार्टर यांना कंटाळलेले होते, पण रेगन यांची त्यांना धास्ती वाटत होती. 'चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का?' हा प्रश्न विचारणारा हसतमुख माणूस बघून ती धास्ती कमी झाली. मन आधीच तयार होतं, डिबेटने दार उघडलं. रेगन जवळपास दहा टक्क्यांनी जिंकले.

डिबेटचा परिणाम वेगळा काढणं अवघड होतं ते भोवतालच्या घटनांमुळेही. २००८ ची पहिली डिबेट लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाल्यानंतर अकराव्या दिवशी झाली. २०१६ च्या दुसऱ्या डिबेटच्या दोनच दिवस आधी ट्रम्प यांची बायकांबद्दल अश्लील बोलल्याची टेप बाहेर आली होती. २०२० मध्ये २९ सप्टेंबरला क्लीव्हलँडची गोंधळाची डिबेट, आणि २ ऑक्टोबरला ट्रम्प यांना कोविड झाल्याची बातमी. त्या आठवड्यातल्या पोलमध्ये डिबेट किती आणि कोविड किती, हे कुणी दशांश चिन्हापर्यंत सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आणि तरीही, माझ्या कामाच्या वर्षांत एका डिबेटने इतिहास बदलला. २७ जून २०२४, अटलांटा. बायडन वाक्यं अर्धवट सोडत होते, आवाज बसलेला. सीएनएनच्या पाहणीत ६७ विरुद्ध ३३ टक्क्यांनी ट्रम्प सरस. पण 'मत कुणाला?' या प्रश्नावर टाइम्स–सिएनाच्या पोलमध्ये ट्रम्प ४८–४४ चे ४९–४३ झाले, सरासरीत दोनेक टक्के सरकले. फक्त हा आकडा बघणारा म्हणाला असता, काही झालेलंच नाही. पण त्याच पोलमध्ये ७४ टक्के मतदार म्हणत होते की बायडन यांचं वय या कामासाठी जास्त आहे, आणि त्यात त्यांना मत देणारेही होते. देणगीदारांनी हात आखडते घेतले. २ जुलैला लॉइड डॉगेट या डेमोक्रॅट खासदारांनी उघडपणे माघार घ्यायला सांगितलं, त्यांच्यामागून इतरांनी. २१ जुलैला बायडन बाजूला झाले. मतदार जागचा फारसा हलला नाही. पक्षातली आणि पैसा देणारी माणसं हलली. आपण सगळे मतांच्या आकड्यावर डोळे लावून बसलो होतो, आणि परिणाम दुसऱ्याच दाराने आत आला.

म्हणून डिबेटनंतरची कुठलीही पोलची बातमी वाचाल तेव्हा मथळ्यातला आकडा सोडून आधी तक्ते उघडा. सॅम्पलमध्ये दोन्ही पक्षांचे लोक किती होते, मागच्या पोलमध्ये किती होते? दोन्ही वेळा तीच माणसं विचारली आहेत की नवी? वेटिंगमध्ये जुनं मत धरलं आहे का? आणि फोन कधी केले, त्या रात्री की चार दिवसांनी? मी स्वतः डिबेटनंतरच्या सकाळी फाइल उघडतो तेव्हा उमेदवारांचे रकाने झाकून ठेवतो. पहिल्यांदा नकारांचे कोड बघतो, मग 'गेल्या वेळी कुणाला मत दिलंत' हा रकाना. ते दोन्ही मागच्या आठवड्याशी जुळले तरच पुढचे आकडे उघडतो. नाही जुळले तर ज्या घरांनी फोन ठेवला, त्यांना दहा दिवसांनी पुन्हा फोन लावायला सांगतो. तोवर राग किंवा दुःख ओसरलेलं असतं, आणि त्या फ्लोरिडाच्या बाईंसारखी माणसं पुन्हा बोलायला लागलेली असतात.